हुंडा मागणारा कुत्रा

सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा वही-पेन्सिल घेऊन अभ्यासाला बसलो, तो नातवामुळे. मुलगी आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टला असतात. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, पण खरी सोयरीक जमली आहे ती पुण्याच्या मोटार-इंजिनियरांमुळे. आमचे जावई त्यांतलेच. नातू तिथेच जन्मला. घरात मराठी आणि किंडरगार्टनमध्ये जर्मन अशी त्याची वाटणी. मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर तो जर्मनमधून देतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी विचारायचो, "आज काय काय केलंस रे?" की हा पठ्ठ्या हातवारे करत, डोळे मोठे करून पाच मिनिटं काहीतरी सांगत सुटायचा. मग मुलगी भाषांतर करायची, "गोगलगाय बघितली म्हणतोय."

"एवढंच? केवढं बोलला तो!"

"बाबा, बाकीचं काही महत्त्वाचं नव्हतं."

मला त्या बाकीच्यातच रस होता. उन्हाळ्यात आम्ही दोघं नव्वद दिवसांच्या व्हिसावर तिकडे जाणार होतो. हातात पाच महिने होते. ठरवलं, जर्मन शिकायचं.

पुण्यात जर्मन शिकणं काही नवलाचं नाही. मॅक्सम्युल्लर भवनामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या लोक 'गूटन टाग' करत आले आहेत. मी मात्र घराजवळच्या एका छोट्या क्लासात नाव घातलं. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं, तिकडे एम.एस.ला निघालेली. मी एकटा 'काका'. पोरं ऐकत आणि त्यांना येत असे. मी रात्री दहा शब्द पाठ करून झोपे आणि सकाळी त्यांतले तीन शिल्लक राहत. सात शब्दांची रोजची तूट! सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला तूट सहन होत नाही. एकेकाळी मी शे-दोनशे खातेदारांच्या सह्या कार्ड न बघता ओळखत होतो, लेजरचा फोलिओ नंबर खातेदाराने तोंड उघडायच्या आत सांगत होतो. आणि आता चहात साखर घातली की नाही, ते चव घेऊन बघावं लागत होतं. जर्मन राहिलं बाजूला, भीती वेगळीच वाटू लागली. ती मी घरी कुणाला सांगितली नाही.

शेजारच्या बाकावरच्या एका मुलाने माझी वही बघितली. एकेक शब्द वीस-वीस वेळा लिहिलेला. तो म्हणाला, "काका, असं लिहून काही होत नाही. चित्र करा. 'हुंट' म्हणजे कुत्रा ना? लिहिताना शेवटी 'ड' असतो. मग हुंडा आठवा. एक कुत्रा लग्नाच्या बैठकीत लोडाला टेकून बसलाय आणि हुंडा मागतोय."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहांतले सहा शब्द गेले होते, पण कुत्रा बैठकीतून हलला नव्हता.

मग मला तो नादच लागला. 'कात्से' म्हणजे मांजर; ती पानाला लावायचा कात चाटून तोंड लाल करून बसली. 'ल्योफेल' म्हणजे चमचा. तो हातात घेऊन नाक्यावर एक लोफर उभा राहिला. 'गाबेल' म्हणजे काटा. तो केळीच्या गाभ्यात खुपसला. 'मेसर' म्हणजे सुरी. तिच्यासाठी मी ज्या खानावळीत पाच वर्षं जेवलो तिथला मेसवाला कांदा चिरत बसला. चित्र जितकं वेडगळ तितकं पक्कं. सभ्य, समंजस चित्रं रात्रीत पुसली जातात.

पुढे वाचताना कळलं की हा पोरखेळ नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५मध्ये या युक्तीची परीक्षा घेतली होती. विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द दिले. एका गटाला अशा खुंट्या दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. खुंटीवाल्यांना ७२ टक्के शब्द आले, दुसऱ्यांना ४६. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा विचारलं तेव्हा ४३ आणि २८. फरक राहिला, पण गळती दोघांनाही लागली, हेही त्यात दिसतं. झटपट भाषा शिकवण्याच्या जाहिराती पहिले दोन आकडे सांगतात, पुढचे दोन सांगत नाहीत.

आपल्याकडे पाठांतराची काय कमी होती? आमच्या वडिलांनी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं म्हणून घेतलं. देशात दशमान पद्धत येऊन वर्षं लोटली होती तरी. पण त्यात चित्र नव्हतं, चाल होती. 'रामः रामौ रामाः'ला चालच होती. वेदांचे पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ, सगळा कानाचा कारभार. युक्ती म्हणावी अशी कटपयादी, पण तीही अक्षरांचीच. कर्नाटक संगीतातल्या 'मेचकल्याणी' या नावात म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६. उलटे वाचले की ६५, हा बहात्तर मेळांतला तिचा क्रमांक. आपण ऐकून लक्षात ठेवणारे लोक, ग्रीक-रोमन बघून लक्षात ठेवणारे. मला वाटतं, म्हणूनच सुरुवातीला मला चित्रं करायची लाज वाटत होती. पाठांतर करताना माणूस निदान गंभीर तरी दिसतो.

ग्रीकांचं नाव काढलं ते उगाच नाही. सिमोनिडीस नावाच्या कवीची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. मेजवानी चालू असताना तो बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. प्रेतं ओळखू येईनात. पण कोण कुठे बसलं होतं ते कवीच्या डोळ्यांसमोर होतं, त्यावरून त्याने एकेकाची ओळख पटवली. यातून ती प्रसिद्ध युक्ती निघाली: ओळखीची इमारत मनात आणायची, तिच्या कोपऱ्या-कोपऱ्यात लक्षात ठेवायच्या वस्तू ठेवायच्या आणि हवं तेव्हा मनातल्या मनात फेरी मारून उचलायच्या. मातेओ रिच्ची या जेझुइटाने १५९६मध्ये चीनमध्ये यावर चिनी भाषेत पुस्तिका लिहिली आणि तिथल्या बड्या अधिकाऱ्याला दिली, त्याच्या मुलांना सरकारी परीक्षेसाठी उपयोग व्हावा म्हणून. थोरल्या मुलाने ती वाचली आणि म्हणाला, नियम उत्तम आहेत, पण ते वापरायला स्मरणशक्ती फार चांगली लागेल. हा मुलगा मला आवडला.

मला इमारत हवी होती ती जर्मन लिंगांसाठी. मराठीसारखीच जर्मनलाही तीन लिंगं आहेत: देअर, दी आणि दास. आपल्याला वाटतं, बरं झालं, घरचंच आहे. पण ताटाभोवती बघा. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. चंद्र तो, पण सूर्य ती. सूर्याला साडी नेसवताना माझे हात अडखळले. मुलगी, 'मेडशेन', नपुंसकलिंगी, कारण 'शेन' हा लाडिक प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगीच होतो. मार्क ट्वेनने १८८०मध्ये याच मुलीवरून जर्मन भाषेची यथेच्छ थट्टा केली होती. मला त्यात थट्टेसारखं काही दिसलं नाही. माझं आजोळ मालवणकडचं. तिथे 'चेडू' नपुंसकलिंगीच असतं आणि त्याने कुठल्याही चेडवाचं आजवर काही बिघडलेलं नाही.

तर इमारत. पुस्तकात लिहितात, आपलं घर घ्या. माझी घरं बदल्यांमुळे दर तीन वर्षांनी बदलली. डोळे मिटून चालता येईल अशी एकच वास्तू निघाली: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आमची शाखा. तिथे मी १९८७ ते १९९१ शेती-कर्जाचा अधिकारी होतो. दारातून आत आलं की ग्राहकांची मोकळी जागा, भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक, समोर काउंटर, उजवीकडे जाळीची कॅश केबिन, मागे स्ट्राँगरूम. पुल्लिंगी शब्द कॅश केबिनमध्ये, नपुंसकलिंगी स्ट्राँगरूममध्ये आणि स्त्रीलिंगी बाहेर बाकावर, अशी मी विभागणी केली. हुंडा मागणारा कुत्रा जाळीमागे नोटा मोजू लागला. मांजर बाकावर आली. सुरी स्ट्राँगरूमच्या कपाटात गेली. ती इमारत आता पाडली आहे; बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली. माझ्या डोक्यात ती जर्मन शब्दांनी खचाखच भरून उभी होती.

बाक तिथे ठेवायला तर काही युक्तीच लागली नाही. जर्मनमध्ये बँकेला 'बांक' म्हणतात आणि बसायच्या बाकालाही 'बांक'च. इटलीतले सराफ बाकावर पैसे मांडून बसत, त्यावरून बँक हा शब्द आला. आपलं 'बाक' आलं पोर्तुगिजांकडून. एकाच लाकडाचे हे दोन तुकडे.

मुदतीचंही तसंच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं. नंतर गळती मंदावते. त्यावर सेबास्टियन लाइटनर याने १९७०च्या दशकात कप्प्यांची पेटी सुचवली. आज शिकलेला शब्द उद्या विचारायचा. आला तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकला तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. मी वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली मुदत ठेव! मुदत पुरी झाली की नूतनीकरण, मध्येच मोडली तर व्याज बुडालं. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले, पत्त्याएवढी कार्डं कापली आणि ड्यू डेट डायरी ठेवतात तशी एक वही घातली. आमची सौ. म्हणाली, "बँक सुटली म्हणत होतात ना?"

अंकांनी मला फार सुख दिलं. जर्मन माणूस एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतो, आपल्यासारखाच एकक आधी. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! वर्गातली इंग्रजी माध्यमाची पोरं या उलट्या अंकांपुढे हवालदिल झाली होती. तिथे काका पहिले आले.

पाच महिन्यांत माझ्या खोक्यात आठशेवर कार्डं झाली. खोका सामानात घालून आम्ही श्टुटगार्टला उतरलो.

आता फजितीचं सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी एकटा बेकरीत गेलो. चेरीचा केक हवा होता. चेरी म्हणजे 'किर्शं' आणि चर्च म्हणजे 'किर्शे'. लिहिताना एका अक्षराचा फरक, आणि मी दोन्ही शब्द 'किरिस्ताव' या एकाच खुंटीला टांगून ठेवलेले. मागे पाच-सहा माणसं रांगेत. मी मनातल्या मनात शाखेत शिरलो, बाकापाशी गेलो, किरिस्ताव सापडला आणि मी ठणठणीत आवाजात चर्च मागितलं. बाईंनी अदबीने काउंटरच्या बाहेर येऊन, कुठल्या पायऱ्या चढून वर जायचं ते हाताने दाखवलं. डोंगरउतारावरचं गाव असल्यामुळे पायऱ्या पुष्कळ आहेत. मी 'डांके' म्हणून बाहेर पडलो आणि त्या दिशेने थोडं चाललोही.

युक्तीची खोड ती हीच. शब्द सापडतो, पण त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि बोलणारी माणसं तेवढा वेळ थांबत नाहीत. त्यातून श्टुटगार्टचे लोक बोलतात श्वेबिश. 'मी' म्हणजे 'इश' असं मी पाठ केलेलं, ते नुसतं 'इ' म्हणतात. 'निश्त'चं 'नेट' होतं. आणि सगळ्या वस्तूंना लाडाने 'ल' लावतात, घर असो की तुकडा असो. पुस्तकी मराठी शिकून कुणी माझ्या आजोळी उतरावं, तशी माझी गत.

नातू मात्र माझ्यावर खूश होता. मी चुकलो की तो खेळता खेळता मान वर न करता 'देअर!' किंवा 'दास!' असं ओरडे. त्याला नियम माहीत नव्हते. मी विचारलं, तुला कसं कळतं? तर त्याला प्रश्नच कळला नाही. आपण तरी 'ती खुर्ची' कुठे पाठ केली होती? तीन आठवड्यांनी गोगलगायीची गोष्ट त्याने मला पुन्हा सांगितली. ती गोगलगाय एका मुलाच्या बुटात शिरली होती, त्या मुलाने बूट घालायचं नाकारलं, तो एका पायाने लंगडी घालत घरी गेला आणि बाईंनी बूट बागेत ठेवून दिला. हे सगळं 'महत्त्वाचं नव्हतं'!

आणखी एका शब्दाबद्दल सांगायचं आहे. तो नसता तर हा लेख मी गमतीवरच संपवला असता.

जर्मनीत दिवसातून वीस वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे 'एन्टशुल्डिगुंग'. ट्रॅममध्ये धक्का लागला, रस्ता विचारायचा आहे, शिंक आली, की हा शब्द. माफ करा. एवढा लांब शब्द खुंटीवर मावेना म्हणून मी तो फोडला. मधला 'शुल्ड' म्हणजे अपराध. त्याचंच अनेकवचन 'शुल्डेन', म्हणजे कर्ज. आणि मधला 'इग' काढून टाकला की होतं 'एन्टशुल्डुंग', म्हणजे कर्जातून मोकळीक. मला मजा वाटली, कारण मराठीतही तेच आहे: माफी मागतात तीही माफी आणि कर्जमाफी तीही माफी. 'उंग'ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी. म्हणजे जागा ठरलेली, बाकावर. मी शब्द घेऊन बाकापाशी गेलो, तर तिथे एक माणूस बसलेला होता.

मी त्याला बसवलं नव्हतं. तो १९८९च्या मार्चमध्ये तिथे खरोखरच बसला होता. विहिरीवरच्या मोटरसाठी आमच्याकडून घेतलेलं कर्ज, व्याजासकट नऊ हजारांच्या आत. त्याआधीच्या दुष्काळात विहीर आटली, हप्ते थकले. मार्चअखेरची वसुली म्हणून मी त्याच्या वस्तीवर तीन चकरा मारल्या, नोटीस बजावली, चार माणसांत बोललो. त्याने आठवडी बाजारात बैलजोडी विकली आणि नोटा फडक्यात बांधून आणल्या. पावती हातात घेऊन त्याने विचारलं, "सायेब, समदं फिटलं न्हवं?" मी म्हणालो, "फिटलं." त्या वर्षी वसुलीबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र आलं.

पुढच्या वर्षी, १९९०मध्ये, केंद्र सरकारची कर्जमाफी आली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकलेलं १०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज माफ. ऐपत असून बुडवणाऱ्यांना नाही, पण त्याच्यासारख्याला नक्की. आम्ही याद्या लावल्या. तो आला, कुणाकडून तरी यादी वाचून घेतली आणि मला म्हणाला, "माझं नाव न्हाई यात." मी म्हणालो, "तुमचं फिटलंय ना. जे फिटलं ते माफ कसं होणार?" तो थोडा वेळ बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला. "बरोबर हाय," म्हणाला आणि उठून गेला.

मी नियमाने वागलो होतो. ती फाइल आजही कुणी काढली तर माझ्या वसुलीत चूक दाखवता येणार नाही. तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्हींत बँक आहे, हा माणूस कुठेही नाही. मला वाटत होतं, मी त्याला विसरलो आहे.

शब्द पक्का झाला की खुंटी आपोआप गळते, असं या युक्तीचे जाणकार सांगतात, आणि ते खरं आहे. हुंडा मागणारा कुत्रा कधी गेला मला कळलंसुद्धा नाही. कात चाटणारी मांजर गेली, लोफर गेला. 'हुंट' म्हटलं की आता नुसता कुत्रा दिसतो. पण ट्रॅममध्ये कुणाचा कोपर लागून 'एन्टशुल्डिगुंग' ऐकू आलं की अजूनही बाक दिसतो आणि टोपी दिसते. तिकडे तो शब्द फार स्वस्त आहे, दिवसातून वीस वेळा.

निघायच्या आदल्या आठवड्यात नातवाने खेळताना माझा खोका उपडा केला. आठशे कार्डं सतरंजीभर पसरली, पाचही कप्पे एक झाले. कुठल्या शब्दाची मुदत कधीची, काही पत्ता उरला नाही. तो घाबरला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "आबा, एन्टशुल्डिगुंग."

'काही हरकत नाही' याला जर्मनमध्ये चार-पाच प्रकार आहेत. सगळे माझ्या शेवटच्या कप्प्यात होते, महिन्याच्या मुदतीचे. त्या क्षणी एकही आठवेना. मग मी मराठीतच म्हणालो, "असू दे रे." ते त्याला कळतं. तो लगेच खाली बसून कार्डं गोळा करू लागला.